दोर धरणाऱ्याचा नियम

१७ मे, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी खुशाल असाल असं धरून चालते. इकडे आम्हीही ठीक. थंडी गेली ती एकदमच गेली, या आठवड्यात खिडकीपाशी बसून शिवायचं म्हणजे घामाने बोटातून सुई निसटते. वहिनीने पाठवलेले लोकरीचे मोजे पोचले. मला सैल झाले, बाबांना बरोब्बर बसले, तेव्हा ते त्यांनीच ढापले. कुणी पाठवले ते त्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही. एवढं उकडत असताना घालून बसतात.

मशिनला नवी मोटर बसवली. आवाज इतका कमी झालाय की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. न्हाणीघरातला नळ अजून गळतो. तू इथे होतास तेव्हाही गळायचा, त्यामुळे ही काही बातमी नव्हे.

बघ, कसं पाल्हाळ लावलंय. तुला एव्हाना शंका आलीच असेल. तुझी बहीण उगाच नळावर लिहीत नाही.

भिंगरीने वहिनीला फोन करून सांगितलं की जिन्यावरून घसरले, पाय मुरगळला. वहिनीने ते खरं मानलं, कारण बिचारी या घरी कधी आलेलीच नाही. तू मात्र शेजारी उभा राहून ऐकलंस आणि गप्प बसलास, असं तुझी लेक म्हणते. फोन हातात घेतला नाहीस की काही विचारलं नाहीस. तू का गप्प बसलास ते मला ठाऊक आहे. आपल्या घराला जिना कुठे आहे, दादा?

आधी महत्त्वाचं लिहून टाकते, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. पोरगी ठीक आहे. उजव्या घोट्याचं हाड मोडलंय, गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे, नीट जुळेल असं डॉक्टरीणबाई म्हणतात. खाते, झोपते, माझ्याशी भांडते. प्लास्टरवर पेनाने एक मिशीवाला माणूस काढलाय आणि ते आजोबा आहेत असं म्हणते. बाबांना मिशी नाही हे मी सांगून पाहिलं.

पाय घळीत मोडला. पाहुण्यापाशी.

हे पत्र आत्ताच्या आत्ता चुरगळून टाकावंसं वाटलं तरी पुढचं वाच. फोन हवापाण्यासाठी आणि बाबांचा विषय फक्त पत्रात, हे तूच ठरवलंयस. मी इतकी वर्षं ते पाळलं. मग आता तूही वाच.

तिला इथे पाठवताना तू एकच अट घातली होतीस: महिनाभर ठेवून घे, पण घळीत न्यायचं नाही. मी हो म्हणाले होते. पण पोरगी आली त्या दिवसापासून तिने धोशा लावला. धबधब्याला पाहुणा का म्हणतात? डोंगरावरचं बर्फ वितळतं तेव्हाच तो का येतो? आला की किती दिवस टिकतो? उरलेलं वर्षभर तिथे नुसता कोरडा कडा असतो, हे खरं का? बाबा पाटावर बसल्यासारखे ताठ बसून तिला उत्तरं द्यायचे. सुरुवातीला एकेका शब्दात, मग वाक्यात. एके दिवशी ते सलग बोलत होते आणि मी स्वयंपाकघरात हातातलं काम टाकून ऐकत उभी राहिले. आपल्या लहानपणापासून मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

तेव्हा मीच म्हणाले, चला, जाऊ या, नाहीतर पाहुणा निघून जाईल. बाबा नव्हे, भिंगरी नव्हे, मी. दोघं एकदा एका दोराला लागले की बाकीचं आपोआप जुळेल, असं मला वाटलं. शिलाईवालीच मी. दोन तुकडे समोर पडलेले दिसले की हात शिवशिवतात. तुला दोष द्यायचा तर मला दे.

(मध्ये उठले होते. भिंगरीला खिडकीजवळ बसायचं होतं. तिला उचलून नेताना बाबा एका बाजूने आणि मी एका बाजूने, आणि ती मध्ये बसून आम्हाला हुकूम सोडत होती. "कोणाला लिहितेस, आत्या?" म्हणाली. तुझ्या पप्पांना, म्हटलं. तिचा चेहरा उतरला. "सगळं?" सगळं, म्हटलं.)

तुझ्या खांद्याचं काय झालं होतं, ते तिला ठाऊक नव्हतं. तू सायकलवरून पडलास असं सांगितलंयस म्हणे. घरात जिना नाही, तुझ्याकडे सायकल नव्हती, तुम्ही बापलेक एकाच मापाच्या थापा मारता. मी तिला खरं काय ते सांगितलं. बाबांचा नियम सांगितला: घळीत आवाज पोचत नाही, म्हणून दोराला हिसका द्यायचा. एक हिसका म्हणजे वर ओढ, दोन हिसके म्हणजे थांब. मग तुझं म्हणणं सांगितलं. अडचणीत सापडलेल्या माणसाच्या अंगात एकाच हिसक्याचं बळ उरतं, म्हणून एक म्हणजे थांब असायला हवं आणि दोन म्हणजे ओढ. तू ते आपल्या दोर-सामानाच्या शेडपुढे, पाहुणा बघायला घळीत उतरणाऱ्या सगळ्या लोकांसमोर मांडलंस आणि बाबा हसले. "दोर धरणाऱ्याचा नियम चालतो, लोंबकळणाऱ्याचा नाही," असं म्हणाले. लोकही हसले.

आणि पुढच्याच हंगामात तुझा हात दोराच्या वेढ्यात आणि कपारीत अडकला, तू एक हिसका दिलास, आणि वर कड्यावर बाबांच्या हातचा रहाट फिरला.

दवाखान्यात बाबा तुला एवढंच म्हणाले, "तुला नियम माहीत होता." तू म्हणालास, "तुम्हाला मी माहीत होतो." मग तू गेलास. हेही मी तिला सांगितलं. ती रडली नाही. उजवा हात वर करून तू कपाटावरचा डबा का काढत नाहीस, एवढंच पुटपुटली.

आता त्या दिवसाचं.

आम्ही उजाडताना निघालो. ऊन वरच्या बर्फावर पडलं की पाणी चढतं, म्हणून दुपारच्या आत घळीतून बाहेर पडायचं, हे तुला मी काय सांगणार. पण गेले काही दिवस रात्रीही गारवा नव्हता. बर्फ रात्रभर वितळत होतं. माझ्या बोटातून सुई निसटत होती, बाबांना मोजे उकडत होते, तरी आमच्या कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. बाबांच्याही नाही. ते नातीला वाटेतले दगड दाखवण्यात गुंग होते. या दगडावर तुझा बाप बसून रुसायचा, असं एकदा म्हणाले. दादा, ते तुझं नाव घेत नाहीत, पण त्या दिवशी वाटभर तुझाच विषय होता.

कड्यावर तोच रहाट, तोच दांडा, फक्त बोल्ट नवे. आधी मी उतरायचं, मग भिंगरीने, बाबा वर रहाटावर. मी पट्टा आवळत होते आणि मागे त्यांचं बोलणं चाललं होतं.

"हिसक्यांचं ठाऊक आहे ना?"

"पाठ आहे, आजोबा. पप्पांनी शिकवलंय. आम्ही गॅलरीतून भाजीची टोपली सोडतो ना, तिच्यावर."

"टोपलीवर!" बाबा हसले. तू काहीतरी शिकवलंस, याचंच त्यांना कौतुक वाटलेलं दिसलं.

परका माणूस असला की बाबा त्याच्याकडून नियम पुन्हा पुन्हा म्हणवून घेतात. घरच्या माणसाला कोण विचारतं? ती म्हणाली पप्पांनी शिकवलंय. त्यांनी धरलं, आपण मुलाला शिकवलं तेच. मी बकल ओढत होते, मीही तेच धरलं. आम्ही तिघं तिथे उभे होतो, आणि कोणता नियम, हे एकानेही विचारलं नाही.

मी खाली पोचले. कुंडाच्या काठचा तो मोठा धोंडा आहे ना, त्यावर उभी राहिले. पाहुणा समोर कोसळत होता. खरं सांगते, इतका भरलेला मी त्याला कधीच पाहिला नव्हता. मी वेड्यासारखी बघत राहिले. तो इतका भरलेला का आहे, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

भिंगरी अर्ध्यावर आली. मला हात केला. आणि पाण्याचा रंग बदलला. गढूळ लोंढा कड्याच्या कोरड्या बाजूने उतरला, थेट तिच्या अंगावर. ती फिरली, भिंतीवर आपटली आणि तिचा पाय कपारीत गेला. तिचा बूट अडकलेला मला खालून दिसत होता. पाणी तिला एकीकडे ढकलत होतं आणि पाय तिथेच होता. मी ओरडत होते, पण मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता.

तिने एक हिसका दिला.

दोर खालपासून वरपर्यंत थरथरत गेलेला मी पाहिला. आणि त्याच क्षणी मला टोपली आठवली. टोपलीवर शिकवणारा तू, म्हणजे तिचा एक हिसका म्हणजे थांब. आता वर रहाट फिरणार. पाय खाली कपारीत आणि दोर वर ओढणार. मला तुझा खांदा दिसला, दादा. तुझा आवाज ऐकू आला.

रहाट फिरला नाही.

दोर होता तिथे राहिला. वरून लोंढा पडत होता आणि ती वाकून बुटाची नाडी सोडवत होती. ओल्या नाडीची गाठ कशी बसते तुला माहीत आहे. मला वाटलं, बाबांना हिसका लागलाच नसेल. पाण्याच्या ओढीत कळला नसेल. देवाने वाचवलं, असं मी मनात म्हणून टाकलं.

पाय सुटला. बूट कपारीतच राहिला, अजून तिथेच असेल. तिने दोर दोन्ही हातांनी धरला आणि दोन हिसके दिले.

मघाशीपेक्षा मला आता जास्त भीती वाटली. दोन म्हणजे थांब. बाबांच्या नियमाने थांब. ते तिला इमानेइतबारे तिथेच धरून ठेवणार, त्या पाण्याखाली, आणि वाट बघणार. तिचं डोकं पाण्यात जात होतं, बाहेर येत होतं. मी धोंड्यावर नाचत होते, हात वर करून करून ओढा ओढा म्हणत होते. पण बाबा वर, कड्याच्या काठापासून आत, त्यांना मी दिसणार कशी?

दोर ताठला. मग हळूहळू, नेहमीच्या त्यांच्या त्या सावकाश चालीने, वर जाऊ लागला. ती पाण्याच्या बाहेर आली, कड्याच्या कडेशी गेली आणि दिसेनाशी झाली.

मग दोर माझ्यासाठी खाली आला. तोवर पाणी माझ्या गुडघ्याला लागलं होतं. मी पट्टा अडकवला, हात जन्मभराच्या सवयीने एक हिसका द्यायला उठला, तो तसाच थांबवला. दोन दिले. मला लगेच वर घेतलं.

वर भिंगरी बाबांच्या स्वेटरमध्ये गुंडाळून बसली होती, दात वाजत होते आणि तशातही हसत होती. बाबा रहाट सोडून तिच्या पायाला फळी बांधायला बसले. रस्त्यापर्यंत तिला आळीपाळीने पाठीवर घेतलं, पुढे गॅरेजवाल्याने जीपमधून दवाखान्यात सोडलं. तिथे डॉक्टरीणबाईंनी बाबांचा शर्ट उघडायला लावला. छातीवर आडवा काळानिळा पट्टा. रहाट अडवून धरणारी खिटी ओली होऊन सुटत होती, म्हणून त्यांनी दांडा छातीला लावून धरला होता. ती नाडी सोडवत होती तेवढा सगळा वेळ.

तिला आत प्लास्टर घालत होते तेव्हा आम्ही दोघं बाहेर बाकावर होतो. तो बाक एका पायाने लंगडा होता, जरा हललं की करकरायचा. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

"काय?"

"एक म्हणजे थांब म्हणून."

ते पायाकडे बघत होते. वहिनीचे मोजे, चिखलाने बरबटलेले. "पोरगी त्याची आहे," म्हणाले. "तो दुसरं काय शिकवणार?"

इथेच थांबले असते तर माझं हे पत्र कधीच लिहून झालं असतं, आणि मी ते गाणं म्हणत टाकायला गेले असते. पण ते थांबले नाहीत. बाक करकरला आणि ते म्हणाले, "त्या वेळीही कळलं होतं."

मी विचारलं, कोणत्या वेळी. समजलं होतं तरी विचारलं.

"त्याच्या वेळी. हिसका हाताला लागला आणि कळलं, हा थांब म्हणतोय. मागे माणसं उभी होती. त्यांच्यासमोरच त्याला हसलो होतो मी. मग दांडा फिरवला."

दादा, हे तुला लिहायचं नव्हतं मला. म्हणून मोजे, म्हणून नळ. मी त्यांना म्हणाले, हे मला कशाला सांगितलंत? ते म्हणाले, "तुला नाही सांगितलं. त्याला लिही. बोललो तसंच लिही, तुझी तुरपाई नको." मी तुरपाई केलेली नाही. शब्द त्यांचेच आहेत, एकही जास्तीचा टाका नाही.

तेव्हापासून मला त्यांचा राग आलाय आणि तो जात नाही. इतकी वर्षं मी तुमच्या दोघांच्या मध्ये बसून, तूही थोडा बरोबर आणि तेही थोडे बरोबर, असं म्हणत दिवस काढले. तुला पत्रात म्हणायचे, त्यांना नसेल रे कळलं, एवढ्या पाण्यात कसं कळणार. तू कधी त्याला उत्तर दिलं नाहीस. आता वाटतं, तुला पहिल्यापासून माहीत होतं. मीच तुला खोटं समजावत बसले. सकाळी त्यांचा चहा ठेवते, कप आपटते आणि मग साखर पुरेशी आहे ना म्हणून विचारते. असं आमचं चाललंय.

एक गोष्ट आणखी. हंगामात वायरमन बाबांच्या मदतीला रहाटावर येतो. काल बाबांनी त्याला शेडपुढे उभं करून सांगितलं, इथून पुढे एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे ओढ. तो म्हणाला, "का हो, आता एवढ्या वर्षांनी?" मी खिडकीत शिवत होते, नव्या मोटरच्या कृपेने सगळं ऐकू आलं. बाबा म्हणाले, "आमच्या थोरल्याने बसवलंय. माझ्यापर्यंत यायला उशीर लागला." लोक उभे होते तेव्हा. कुणी हसलं नाही.

भिंगरीला प्लास्टरसकट एकटीला बसमध्ये बसवणं शक्य नाही. कुणीतरी न्यायला यायला हवं. वहिनी आली तर मला आनंदच आहे, तिने एकदा हे घर बघावं आणि जिना शोधावा. तू तिला पाठवलंस आणि स्वतः आला नाहीस, तर मी तुझ्यावर रुसणार नाही. हे पत्र वाचून तू यापुढे मलाही लिहिलं नाहीस तरी मी समजेन. नाही, समजणार नाही. पण बोलणार नाही.

बाबांना मी विचारलं, तो आला तर? ते म्हणाले, "तो येईल त्या दिवशी मी शेडमध्ये बसेन. त्याला घरात शिरायला माझी अडचण नको." भिंगरी खवळली, आजोबा, असं कुठे असतं का, म्हणून. त्यांनी ऐकलं नाही. आज सकाळीच शेडमध्ये एक खुर्ची नेऊन ठेवली, आणि मग थोड्या वेळाने जाऊन दुसरीही.

थांब्यावरून घराकडे यायला दुसरी वाट अजून झालेली नाही. शेडच्या दारावरूनच यावं लागतं. हे त्यांना ठाऊक आहे, आणि तुलाही.

तुझी, दोर खाली सोडून उभी असलेली,
बारकी